समोरचा वारा आणि गाडीचे नाक: छोट्या गाडीचे ॲव्हरेज वाढवण्यासाठी पुढच्या भागात करायची कामे

ज्यांची गाडी रोज शहरातल्या शहरात, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत फिरते, त्यांना या लेखातील कामांचा फारसा उपयोग होणार नाही, हे आधीच सांगतो. मात्र ज्यांचा महिन्यातून दोन-चार वेळा मुंबई-पुणे, पुणे-कोल्हापूर किंवा नाशिक-नागपूर असा लांबचा प्रवास होतो आणि ज्यांना आपल्या हाताने गाडीची चार कामे करण्याची आवड आहे, अशा नवशिक्यांसाठी हा लेख लिहिला आहे. यातील सूचना साध्या पेट्रोल हॅचबॅक किंवा छोट्या सेडान गाडीला धरून आहेत. जीप किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मालकांनीही त्या वाचाव्यात, पण मापे आपल्या गाडीप्रमाणे बदलून घ्यावीत.

सुरुवात आकड्यांपासून केलेली बरी, कारण आकडे समजले की कोणत्या कामात किती जीव घालायचा हे आपोआप ठरते. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. समोरून पाहिल्यास सुमारे २.१ चौरस मीटर क्षेत्रफळ दिसणारी आणि रोध गुणांक (आकारामुळे वारा किती अडतो ते सांगणारा आकडा; कमी असेल तितके चांगले) ०.३३ असलेली, म्हणजे आपल्याकडची सर्वसाधारण हॅचबॅक घेतली, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला वारा तिला सुमारे ५ किलो वजनाइतक्या जोराने मागे ढकलतो. ताशी ६० ला हा जोर ११ किलो, ८० ला २० किलो, १०० ला ३१ किलो आणि समृद्धी महामार्गावर सपाट भागात परवानगी असलेल्या ताशी १२० ला तो ४५ किलोंपर्यंत जातो. चाकांचा रस्त्याशी होणारा रोध मात्र या सगळ्या वेगांत जवळजवळ तेवढाच, म्हणजे अशा गाडीला साधारण १२ किलो राहतो. याचा अर्थ असा, की ताशी ६० च्या आसपास टायर आणि वारा जवळपास बरोबरीने पेट्रोल खातात आणि त्यापुढे मुख्य खर्च वाऱ्याचा असतो.

गाडीसोबत मिळणारा ॲव्हरेजचा अधिकृत आकडा आणि महामार्गावर प्रत्यक्ष हाती येणारा आकडा यांत अंतर का पडते, याचे एक कारणही इथेच सापडते. आपल्याकडे ज्या चाचणीचक्रावरून तो आकडा काढला जात आला आहे, त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि तोही थोडाच वेळ असतो. द्रुतगती मार्गावर दोन तास सलग ताशी १०० ने जाणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी असते.

आता अपेक्षा नीट बांधून घ्याव्यात. पुढच्या भागातील सगळी कामे मनापासून केली आणि त्यातून एकूण वायुरोध ५ टक्क्यांनी कमी झाला असे धरले, तर ताशी ९० च्या सलग प्रवासात इंधनाची बचत साधारण अडीच टक्के होईल. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी अशा १०,००० किलोमीटरांत सुमारे ५५५ लिटर पेट्रोल घेते. त्यातले १४ लिटर वाचतील. लिटरमागे १०० रुपये धरले तरी ही रक्कम १४०० रुपये होते. म्हणून या कामावर हजारो रुपये खर्च करण्यात अर्थ नाही. खाली सांगितलेले जवळपास सगळे सामान काही शे रुपयांत येते आणि माझ्या मते तीच त्याची योग्य मर्यादा आहे. तुलनेसाठी हेही लक्षात ठेवावे, की ताशी १०० ऐवजी ८० ने गेल्यास टायर आणि वारा मिळून होणारा रोध ४३ किलोंवरून ३२ किलोंवर येतो. उजव्या पायाने होणारी ही बचत कोणत्याही पत्र्या-पट्टीच्या कामापेक्षा मोठी आहे आणि ती फुकट आहे.

नवशिक्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते, ती आधी दूर करावी लागेल. वारा कापायचा तर नाक टोकदार हवे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मोटारीच्या वेगाला पुढचा भाग टोकदार असण्याची गरज नसते. त्याच्या कडा पुरेशा गोलाकार असल्या, की वारा फाटून न जाता बॉनेटवरून आणि दोन्ही बाजूंनी अंगाला लागून वाहतो. रोधाचा मोठा वाटा गाडीच्या मागे तयार होणाऱ्या भोवऱ्यांच्या पट्ट्यात असतो. १९८२ च्या ऑडी १०० या गाडीने ०.३० हा रोध गुणांक गाठला, तो काही भाल्यासारख्या नाकामुळे नव्हे, तर काचा पत्र्याच्या बरोबरीने बसवणे, फटी कमी करणे आणि कडा नेमक्या ठेवणे अशा बारीकसारीक सुधारणांमुळे. आजच्या गाड्यांचे बंपर आणि बॉनेट यांचे वळण कंपनीने वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे गाडीवर कृत्रिम वारा सोडून पाहण्याच्या चाचणीगृहात, तपासलेले असते. त्यावर आपण फायबरचे नवे नाक चढवून काही मिळवू शकत नाही. आपल्या हाती उरतात त्या चार गोष्टी: नंतर चिकटवलेल्या वस्तू, तुटलेले आणि हरवलेले भाग, नको तिथे आत शिरणारा वारा आणि पोटाखाली घुसणारा वारा. पुढची सगळी कामे याच क्रमाने करावयाची आहेत.

पहिला टप्पा: गाडीकडे नीट पाहणे

काम सुरू करण्यापूर्वी पावसाळी प्रवासाहून परतलेल्या गाडीचे नाक न धुता पाहावे. एका जुलैमध्ये महाबळेश्वरहून आल्यावर मी माझ्या हॅचबॅकसमोर उकिडवा बसलो, तेव्हा बंपरवर चिखलाने जणू नकाशाच काढलेला होता. नंबरप्लेटच्या आसपास चिखलाचे ठिपके गोल आणि दाट होते, कारण तिथे वारा समोरून थेट आदळतो व थबकतो. तिथून वर, खाली आणि बाजूंना जाताना तेच ठिपके लांब होत रेषा बनले होते. बंपरच्या कोपऱ्यावर या रेषा हेडलाइटकडे वळून पुढच्या चाकाच्या कमानीपर्यंत गेल्या होत्या आणि खालच्या जाळीच्या दोन्ही टोकांना, जिथे आत काहीच नव्हते, तिथे त्या सरळ आत वळल्या होत्या. त्या दोन कोपऱ्यांतून वारा रेडिएटरला न भेटता इंजिनच्या खोलीत शिरत होता, हे मला कोणत्याही यंत्राशिवाय कळले.

पावसाळा नसेल तर लोकरीचे धागे वापरावेत. सुमारे ८ सेंटिमीटरचे, गाडीच्या रंगावर उठून दिसतील असे धागे कागदी मास्किंग टेपने बॉनेटवर, बंपरच्या कोपऱ्यांवर आणि जाळीच्या कडांवर चिकटवावेत. दुसऱ्या गाडीतून एखाद्या सोबत्याने मोबाइलवर चित्रीकरण करावे. चालकाने स्वतः हे करू नये. धागा स्थिर आणि मागे झुकलेला असेल तर तिथला वारा सुरळीत आहे. धागा फडफडत गोल फिरत असेल किंवा उलटा वळत असेल, तर तिथे वारा पृष्ठभाग सोडतो आहे, असे समजावे.

याच वेळी बॉनेट उघडून चार गोष्टी पाहून ठेवाव्यात आणि फोटो काढून ठेवावेत. रेडिएटर आणि त्याच्यापुढचा, एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर नेमका किती रुंद आणि किती उंच आहे, इंजिनला हवा देणाऱ्या नळीचे तोंड कुठे आहे, टर्बो इंजिन असल्यास त्याची हवा थंड करणारा इंटरकूलर कुठे बसवला आहे आणि नव्या गाडीत चिन्हामागे किंवा बंपरमध्ये रडार वा सेन्सर आहेत का, ही माहिती पुढे प्रत्येक पावलाला लागते.

दुसरा टप्पा: आजचा हिशेब लिहून ठेवणे

सुधारणा करून झाल्यावर मोजायला बसणे हा नवशिक्यांचा सर्वात मोठा दोष आहे. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. टाकी ते टाकी ही पद्धत सोपी असली तरी शिस्त मागते. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्या ऑटो कटला, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होताच, थांबून टाकी भरावी, किमान ४०० ते ५०० किलोमीटर महामार्गाचा प्रवास करावा आणि पुन्हा तिथेच तशीच भरावी. टायरमधील हवा दोन्ही वेळा गाडी थंड असताना तपासावी, माणसे आणि सामान सारखे ठेवावे आणि एसीचा वापरही सारखा असावा.

ऋतूचा परिणाम तर फारच फसवा असतो. १५ अंश तापमानाची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के जड असते, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे वायुरोध मेच्या दुपारपेक्षा आपोआप तेवढा वाढलेला असतो. आपण मिळवू पाहत आहोत ती सुधारणा याहून कमी आहे. मुंबईची हवाही समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असलेल्या पुण्याच्या हवेपेक्षा ६ टक्क्यांच्या आसपास दाट असते. ताशी ९० ने जाताना समोरून १५ किलोमीटरचा वारा असेल, तर वायुरोध एकतृतीयांशाहून अधिक वाढतो. म्हणून डिसेंबरमधील आकड्याची तुलना मेमधील आकड्याशी कधीही करू नये. आठवड्याभराच्या अंतराने, त्याच मार्गावर आणि जाऊन-येऊन अशा दोन्ही दिशांना मोजावे.

ज्यांना अधिक नेमके मोजायचे आहे, त्यांनी गाडी सोडून देऊन वेळ मोजण्याची पद्धत वापरावी. पहाटे, वारा नसताना, वाहतूक नसलेल्या सपाट आणि सरळ रस्त्यावर ताशी ८५ पर्यंत वेग घ्यावा, गाडी न्यूट्रल करावी आणि वेग ८० वरून ६० वर येण्यास किती सेकंद लागतात ते सोबत बसलेल्या व्यक्तीने स्टॉपवॉचवर मोजावे. इंजिन कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये, कारण ते बंद पडले की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते. द्रुतगती मार्गावर किंवा घाटात हा प्रयोग करायचा नाही. दोन माणसांसह १२०० किलो भरणाऱ्या गाडीचा वेग असा उतरण्यास साधारण २४ ते २५ सेकंद लागतात. वायुरोधात ५ टक्के सुधारणा झाली, तर यात फक्त अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त फरक पडतो. त्यामुळे एका फेरीवर निष्कर्ष काढता येत नाही; प्रत्येक दिशेला किमान चार-पाच फेऱ्या घेऊन सरासरी काढावी.

तिसरा टप्पा: जे नंतर लावले, ते काढणे

बंपरपुढचा लोखंडी क्रॅश गार्ड सर्वात आधी उतरवावा. त्याच्या उभ्या-आडव्या नळ्या नेमक्या तिथे असतात जिथे वारा आदळून विभागला जातो, आणि प्रत्येक नळीच्या मागे भोवऱ्यांची शेपटी तयार होऊन ती थेट जाळीत आणि बॉनेटवर जाते. वर त्याचे वजन वाहावे लागते ते वेगळेच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग करणारे असल्याचे कळवले होते. पादचाऱ्याला होणारी इजा आणि एअरबॅगच्या कामात येणारा अडथळा या कारणांसाठीही तो नको.

त्यानंतर जाळीपुढे लावलेले जादा दिवे, बाहेरून बसवलेले हॉर्न, बॉनेटच्या कडेला चिकटवलेली किडे अडवणारी पट्टी आणि झेंड्याची दांडी यांचा विचार करावा. लिंबू-मिरची आणि काळी बाहुली यांच्यामुळे मोजता येईल असा फरक पडत नाही; ती ज्यांना ठेवायची आहेत त्यांनी खुशाल ठेवावीत. दसऱ्याचा झेंडूचा हार मात्र पूजेनंतर दोन दिवसांत उतरवावा. सुकलेल्या पाकळ्या जाळीतून आत ओढल्या जाऊन कंडेन्सरच्या पात्यांवर बसतात आणि मग सहा महिने एसी नीट थंड होत नाही, असे मी एकापेक्षा अधिक गाड्यांत पाहिले आहे. उंदरांसाठी जाळीमागे बसवलेल्या बारीक तारेच्या जाळीत धूळ आणि किडे भरले असतील, तर तीही काढून धुवावी.

चौथा टप्पा: पोटाखालचे आवरण आणि चाकांपुढच्या पट्ट्या

या टप्प्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण इथे नवे काही बनवायचे नसते. कंपनीने विचारपूर्वक दिलेले पण हरवलेले परत बसवायचे असते. बंपरच्या खालच्या कडेपासून इंजिनच्या खाली जाणारे काळे प्लास्टिकचे आवरण बहुतेक गाड्यांत असते. त्याच्यामुळे पुढून आलेला वारा इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन यांच्या खाचाखोचांत न अडकता सपाट पृष्ठभागाखालून मागे जातो. एकदा सर्व्हिसिंगनंतर ताशी ७० च्या पुढे गाडीखालून थडथड असा आवाज येऊ लागला, म्हणून मी सतरंजी टाकून खाली आडवा झालो. ऑइल बदलताना काढलेले ते आवरण परत लावताना सात क्लिपांपैकी चारच बसवल्या होत्या आणि त्याची पुढची कड दोन बोटे खाली लोंबत होती. जे आवरण वाऱ्याला वाट देण्यासाठी होते, तेच ओंजळीसारखा वारा भरून घेत होते. तेव्हापासून ऑइल बदलल्यानंतर गॅरेजमधून निघण्यापूर्वी मी मोबाइलचा टॉर्च लावून क्लिपा मोजतो आणि वाचकांनीही तसे करावे. या क्लिपा स्पेअर पार्टच्या दुकानात काही रुपयांना मिळतात; एक जुनी क्लिप नमुना म्हणून सोबत न्यावी.

पुढच्या चाकांच्या अगदी समोर, बंपरच्या खाली उभ्या लोंबणाऱ्या छोट्या रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्याही पाहाव्यात. त्या शोभेच्या नाहीत. फिरणारे उघडे चाक हा रोधाचा मोठा स्रोत आहे आणि या पट्ट्या वाऱ्याला चाकाच्या थेट अंगावर न जाऊ देता बाजूला वळवतात. गतिरोधकावर आणि फुटपाथच्या कडेला घासून त्या आधी फाटतात आणि मग पडून जातात, तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मूळ पट्टी मिळत असेल तर तीच घ्यावी. चाकाच्या कमानीतील आतले अस्तर सुटले असेल तर तेही याच वेळी घट्ट करून घ्यावे.

पाचवा टप्पा: फटी बंद करणे आणि रेडिएटरला वाट देणे

बॉनेटची पुढची कड आणि बंपर यांच्यामध्ये बोटभर फट असेल, तर तिथून बराच वारा आत शिरतो, कारण ती फट दाबाच्या क्षेत्राजवळ असते. दारांना लावतात तसली पोकळ रबर बीडिंग तिथे आतल्या बाजूने लावावी. बॉनेट बंद करताना जोर लावावा लागू नये आणि कुलूप पूर्ण अडकल्याचा आवाज यावा, याची खात्री करावी. महामार्गावर बॉनेट उघडण्याचा धोका पत्करण्याइतकी कोणतीही बचत मोलाची नाही.

यापेक्षा महत्त्वाचे काम रेडिएटरच्या कडेला आहे. जाळीतून आत आलेला वारा सर्वात सोपी वाट शोधतो आणि रेडिएटरच्या दाट पात्यांतून जाण्याऐवजी त्याच्या वरून, खालून आणि बाजूंनी निसटतो. असा निसटलेला वारा इंजिनाला थंड तर करत नाहीच, शिवाय इंजिनच्या खोलीत घुसळून खालून बाहेर पडताना रोध वाढवतो. कंपनीने दिलेल्या वाऱ्याच्या वाटेचे प्लास्टिक तुटले असेल तर ते बदलावे आणि उरलेल्या फटींत उष्णता सहन करणारा फोम किंवा रबराची पट्टी बसवावी. पंखा, पट्टे आणि गरम नळ्या यांच्या जवळ काहीही येऊ देऊ नये. हे काम झाले की थोड्या वाऱ्यातही रेडिएटर पूर्वीइतकाच थंड राहतो, आणि म्हणूनच पुढचा टप्पा करण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. हा क्रम उलटा करू नये.

सहावा टप्पा: जाळी काही प्रमाणात झाकणे

कंपनीला गाडी राजस्थानच्या उन्हाळ्यात, पूर्ण भरलेली, एसी चालू ठेवून घाट चढेल असे गृहीत धरून जाळीची उघडीप ठेवावी लागते. रोजच्या सपाट रस्त्यावर एवढ्या वाऱ्याची गरज नसते. काही गाड्यांत म्हणूनच जाळीमागे आपोआप उघडमीट होणाऱ्या पट्ट्या असतात, आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे नाक बरेचसे बंद असते. त्यांनाही बॅटरी आणि एसीसाठी खाली एक तोंड मात्र ठेवावे लागते.

या कामाला आधी एक साधन घ्यावे: हजार रुपयांच्या आसपास मिळणारे, गाडीच्या संगणकातील आकडे वाचून मोबाइलवर दाखवणारे ओबीडी उपकरण. डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा बऱ्याच गाड्यांत मधल्या मोठ्या टप्प्यात हलतच नाही आणि अनेक छोट्या गाड्यांत तर काट्याऐवजी फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. जाळी मूळ स्थितीत असताना सपाट रस्त्यावर, घाटात आणि वाहतूककोंडीत कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान किती असते, ते लिहून ठेवावे. अनेक गाड्यांत ते ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान असते, पण आपल्या गाडीचा आकडा हाच आपला मापदंड मानावा.

झाकण्यासाठी जाहिरातींच्या फलकांना वापरतात ती पोकळ नळ्यांची सनपॅक शीट उत्तम. ती हलकी असते, कात्रीने कापता येते आणि पाण्याने कुजत नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून जाळीवर बसवून पाहावा, मग शीट कापावी. ती जाळीच्या पुढे न चिकटवता शक्यतो मागून बसवावी, पण समोरचा दाब तिला जाळीपासून मागे ढकलतो, हे लक्षात ठेवावे. ताशी १०० ला एक फूट बाय एक फूट तुकड्यावर समोरून सुमारे ४ किलोंचा दाब येतो, त्यामुळे नुसता दुहेरी टेप पुरत नाही. कमीत कमी चार ठिकाणी केबल टाय बांधावेत आणि शीट मागे ढकलली जाऊन रेडिएटरला टेकणार नाही, असा आधार द्यावा.

सुरुवात अशा भागापासून करावी ज्याच्या मागे रेडिएटरच नाही. बहुधा ते खालच्या जाळीचे दोन कोपरे असतात. त्यानंतर एक आठवडा गाडी चालवून तापमान पाहावे आणि मगच वरच्या जाळीचा अर्धा भाग झाकावा. इंजिनच्या हवेच्या नळीचे तोंड, इंटरकूलर, हॉर्न, सेन्सर, दिवे आणि नंबरप्लेट यांना हात लावू नये. तापमान मूळ आकड्यापेक्षा ४-५ अंशांहून अधिक चढत असेल, किंवा रेडिएटरचा पंखा पूर्वीपेक्षा वारंवार सुरू होत असेल, तर आपण मर्यादा ओलांडली असे समजून एक पट्टी काढावी. पंखा फिरवायलाही शेवटी पेट्रोलच लागते.

ही सावधगिरी मी अनुभवाने शिकलो. पहिल्या उत्साहात मी वरची जाळी पूर्ण आणि खालची अर्धी झाकली होती. सपाट रस्त्यावर सगळे ठीक वाटले. मे महिन्यात दुपारी, पाच माणसे आणि एसी चालू असताना खंबाटकी घाट चढताना आधी एसीची हवा कोमट झाली, आणि मोबाइलवर आकडा १०८ दिसला. एसीने आधीच इशारा दिला होता, कारण कंडेन्सरला वारा मिळाला नाही की त्याचा दाब वाढून कॉम्प्रेसर बंद होऊ लागतो. एसी बंद केला, गाडी सुरक्षित जागी बाजूला घेतली, इंजिन थोडा वेळ चालू ठेवून पंख्याला काम करू दिले आणि समोरून खालची शीट कापून काढली. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडण्याचा विचारही करू नये. उकळते कूलंट अंगावर उडते. त्या दिवसापासून माझ्या गाडीत खालची जाळी रेडिएटरसमोर पूर्ण उघडी असते, वरची अर्धीच झाकलेली असते आणि मार्च ते जून तीही काढलेली असते. घाट चढताना वेग कमी, इंजिनवर भार जास्त आणि समोरून येणारा वारा सर्वात कमी, अशी तिन्ही संकटे एकत्र येतात. म्हणून चाचणी नेहमी घाटाची घ्यावी, सपाट रस्त्याची नव्हे.

सातवा टप्पा: बंपरखालची पट्टी

बंपरच्या खालच्या कडेला लवचीक रबराची पट्टी लावून पोटाखाली शिरणारा वारा कमी करता येतो. गाडीचे पोट जितके खडबडीत, तितका या पट्टीचा उपयोग जास्त. ज्या गाडीचे पोट आधीच आवरणांनी सपाट केलेले आहे, तिथे पट्टी उलट नुकसान करू शकते, कारण ती स्वतः वाऱ्याला अडवते. म्हणून ३ ते ४ सेंटिमीटरपासून सुरुवात करावी आणि जास्त खोल म्हणजे जास्त चांगले, असे मानू नये. ताठ प्लास्टिक किंवा पत्रा कधीही वापरू नये. आपले गतिरोधक, सोसायट्यांचे उतार आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेले खड्डे पाहता ती पट्टी रोज घासली जाणार हे गृहीत धरावे आणि ती वाकून परत सरळ होईल अशीच निवडावी. खालच्या जाळीत जाणारा वारा तिने अडवलेला नाही, हे तापमान पाहून तपासावे.

कायद्याच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे, की कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. वर सांगितलेले प्रत्येक काम सुटे करून पाच मिनिटांत काढता येईल असे ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. बंपरला भोके पाडणे, बंपर बदलणे किंवा लांबी वाढेल असे काही बसवणे टाळावे. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसिंगला देण्यापूर्वी जाळीवरील शीट काढून ठेवावी.

कामे एका वेळी एकच करावीत आणि प्रत्येक कामानंतर दोन टाक्या होऊ द्याव्यात. वहीत तारीख, मार्ग, सकाळ की दुपार, माणसे, टायरची हवा, भरलेले लिटर, किलोमीटर आणि घाटातील कमाल तापमान अशा नोंदी ठेवाव्यात. एखाद्या कामाने दोन्ही टाक्यांत काहीच फरक दिसला नाही तर ते काढून टाकावे आणि गाडी पुन्हा पूर्वीसारखी करून आणखी एक टाकी मोजावी. ही उलटी मोजणी बहुतेक जण गाळतात, पण आपल्या आधीच्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे तिच्यामुळेच कळते.